विहीणबाई, तुम्हाला शेवट आधी हवा असायचा

विहीणबाई,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. इंदुरीच्या घाटावर पिंड ठेवून गुरुजी मागे सरतात न सरतात तोच एक कावळा बाभळीवरून उतरला आणि भाताला चोच लावून गेला. लोक अजून चपला काढत होते. तुमच्या धाकट्या जावेनं म्हणे बरंच काही योजून ठेवलं होतं. म्हैस विकणार नाही, सुनेला अंतर देणार नाही, असं एकेक मोठ्यानं कबूल करायचं. तिला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. तुमचे यजमान आबा मागं वळून म्हणाले, "आमच्या हिला कुटं दम व्हता?" चारपाच जण हसले. मीही हसले. मग हसल्याचं वाईट वाटलं.

तेरावं उरकून मी लोणावळ्याला परत आले आहे. दुपारची कामं आटोपली की टीव्ही लावते आणि बंद करते. एकटीनं बघायची सवय मोडली आहे. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला वाचता यायचं, पण कंटाळा फार. काही आलं की "वाचून दावा" म्हणायचात. तर मी वाचून दाखवते आहे आणि तुम्ही पाय पसरून भिंतीला टेकून बसला आहात, असंच समजते.

प्राजू-सचिनच्या लग्नात आपलं वाजलं होतं हे तुम्ही कधीच मान्य केलं नाहीत. मला मात्र स्पष्ट आठवतं. विहिणींच्या पंगतीत तुमच्या ताटात जिलबी उशिरा आली आणि तुम्ही ताटावरून उठलात. मी मुलीची आई, मीच समजूत काढायला आले, तर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आमी काय जिलबी बगितली न्हाई व्हय?" पुढं वर्षभर आपण फोनवर पावसाचं आणि भाजीच्या भावाचं बोलत राहिलो. प्राजू म्हणायची, आई, तू माझ्या सासूबाईंशी बोलताना बँकेतल्या माणसाशी बोलल्यासारखी बोलतेस.

मग स्वरा झाली. प्राजूची रजा संपली आणि तळेगावच्या त्यांच्या फ्लॅटवर आपण आलटून पालटून राहायचं ठरलं. एक आठवडा तुम्ही इंदुरीहून यायचं, एक आठवडा मी लोणावळ्याहून. एका सोमवारी मी पोचले तेव्हा तुमची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तुम्ही पाळण्याची दोरी हातात धरून टीव्हीसमोर बसला होता. आवाज अगदी बारीक. पडद्यावर एक बाई जिन्याखाली मरून पडली होती आणि घरातले सगळे एकमेकांकडे संशयानं बघत होते. तुम्ही मला बसा म्हणाला नाहीत. तोंडावर बोट ठेवलंत, पाळण्याकडे खूण केलीत आणि कुजबुजलात, "ही बया कोनी ढकलली, काय कळंना."

मी म्हटलं, "तो डॉक्टर."

"तुमी बगितलाय?"

"नाही. पण डॉक्टर सगळ्यांना झोपेच्या गोळ्या देत हिंडतो आहे. इतका मोठा नट एवढ्याशा कामाला उगाच येत नाही."

तेवढ्यात स्वरा उठली, मग दूध, मग लंगोट, मग लाइट गेली. तुमची इंदुरीची गाडी केव्हाच गेली होती. तुम्ही म्हणालात, "पिच्चर पुरा व्हऊ द्या, मग जाते." आणि बुधवारपर्यंत राहिलात. खुनी डॉक्टरच निघाला. त्या दिवसापासून तुम्ही मला विहीणबाईची ईनबाई केलंत. पुढं पाळी बदलायच्या दिवशी आपल्यापैकी कोणीच वेळेवर घरी गेली नाही.

मी हॉटेलात हाऊसकीपिंग बघून निवृत्त झालेली बाई. कुसगावच्या बाजूला ते हॉटेल होतं. तिथं रात्रपाळीच्या मुली चुरगळलेल्या रहस्यकथा वाचायच्या आणि मलाही द्यायच्या. त्यामुळे रहस्यपटाबद्दल माझी मतं पक्की. खुनी पहिल्या तासात दिसला पाहिजे. शेवटच्या दहा मिनिटांत जुळा भाऊ आणायचा नाही. प्रेक्षकाला जे दाखवलं त्यातूनच उत्तर निघालं पाहिजे. आणि महत्त्वाचं म्हणजे शेवट आधी कळता कामा नये. कोणी शेवट सांगितला तर त्या माणसाशी मी आठवडाभर बोलत नाही.

तुमचं उलटं. तुम्हाला शेवट आधी हवा. टीव्हीवरचा सिनेमा पुढं पळवता येत नाही म्हणून तुम्ही मोबाइलवर बघायला शिकलात. स्वराला टिचकीनं गाणी लावून देणाऱ्या तुमच्या त्या बोटानं पडद्यावरची रेघ सरळ टोकाला न्यायचात. खुनी कोण ते बघायचं, मान हलवायची, आणि मग पहिल्यापासून सुरू. मी चिडून स्वयंपाकघरात निघून जायची.

"ईनबाई, या की. मी तुमाला सांगत न्हाई कोन त्ये."

"तुमच्या तोंडावरून कळतं मला!"

"मग माज्या तोंडाकडं बगू नगा. पिच्चर बगा."

एकदा मी सरळ विचारलं, यात मजा काय? तुम्ही शेंगा सोलत होता. म्हणालात, "एकदा कळलं की जीव निवांत. मग त्यो कसा गोड बोलतोय, कसा खोटं रडतोय, त्ये बगायला लय मजा येती. तुमी सारा टाइम कोन कोन करीत बसता. तुमचं बगायचंच ऱ्हातं." मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण तुम्ही खुन्याचे हात बघायचात, त्याचं जेवण बघायचात, ते खरं. "बगा, सगळी जेवंना झाली, ह्यो मातर दुसऱ्यांदा भात घेतोय. खून करून भूक लागली मेल्याला."

लोणावळ्यातला धुक्यातला बंगला आला की मात्र आपलं एकमत. पडद्यावर घोंगडी पांघरलेला राखणदार कंदील घेऊन यायचा आणि नायिकेला म्हणायचा, "मेमसाब, त्या खोलीत जाऊ नका." आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. आमच्या कुसगावात निम्मी घरं राखणदारांची. पार्टीवाल्यांच्या बाटल्या उचलून त्यांचे हात रिकामे होत नाहीत, कंदील कधी धरणार? त्यांना एकच रहस्य माहीत, पाण्याची मोटर दर शनिवारीच का जळते. आणि पलंगाखाली सापडणारं ते शर्टाचं बटण! मी तुम्हाला सांगायची, आमच्या मुली पलंग सरकवून झाडायच्या. पाहुणा गेल्यावर तासाभरात बटण माझ्या ड्रॉवरमध्ये. कसला पुरावा आणि कसलं काय.

तुमचा सगळ्यात जास्त राग होता तो फोन करणाऱ्या माणसावर. "मला खुनी कळला आहे, पण फोनवर सांगता येणार नाही, भेटून सांगतो," असं म्हणणारा. तो भेटायच्या आत मरणारच. तुम्ही पाळणा थांबवून पडद्याला सांगायचात, "आरं सांग की फोनवर! नाव तं घ्यायचंय!" आणि शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो त्याचंही तुम्हाला नवल वाटायचं. "येवडी मानसं एका टायमाला एका जागी गोळा हुत्यात? आमच्यात वाटनीला बोलावलं तरी एक मेव्हना कमीच आसतो."

त्याच दृश्यावरून आपला मोठा वाद होता. गुप्तहेर बोट दाखवतो आणि खुनी लगेच सगळं कबूल करतो. मला ते खरं वाटायचं. लपवून लपवून माणूस थकतो, कोणीतरी विचारायची वाटच बघत असतो. तुम्ही हात झटकायचात. "कोन कबूल व्हतंय? बांधाचा दगड सरकवलेला मानूस उभ्या जल्मात कबूल झालेला मी बगितला न्हाई. गळ्याशपत म्हंतो आन् फुडच्या साली आजून ईतभर सरकवतो."

दुसरा वाद तुम्हीच काढलात आणि तो मी टाळत राहिले. एक सिनेमा संपल्यावर तुम्ही विचारलंत, "त्या मेलेलीला कोन रडलं का ओ?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सुरवातीलाच मेली. त्येच्यानंतर समदे कोन मारलं, का मारलं, कुटं व्हता, हेच. तिला आंगूळ घालताना दावलं न्हाई. सुतक न्हाई. कुनी तिचं नाव घिऊन हुंदका दिला न्हाई. हिथं कुत्रं मेलं तरी पोरं दोन दिस जेवत न्हाईत."

मी म्हटलं, विहीणबाई, ते कोडं असतं. सगळे रडत बसले तर खुनी पकडणार कधी?

"दोन मिंटं रडा म्हंते मी. मंग पकडा."

मी हसण्यावारी नेलं.

आषाढात तुमचं पोट दुखायला लागलं. लावणीमुळे असेल म्हणून तुम्ही ओवा खात राहिलात. गणपतीच्या आधी सचिननं पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसवून त्याला एकट्याला आत घेतलं. कॅन्सर होता, पसरला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. सचिननं बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, "आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल." घरी त्यानं आबांना सांगितलं, प्राजूला सांगितलं, आणि प्राजूनं मला. सगळ्यांनी मिळून ठरवलं की तुम्हाला कळू द्यायचं नाही. "आईनं हाय खाल्ली तर आहेत ते दिवसही जातील," असं सचिनचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आई त्याची. मी मान डोलावली.

नवरात्रात सचिननं सगळ्यांना गाडीत घालून शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला नेलं. रांग मोठी होती. तुम्हाला उभं राहवत नव्हतं म्हणून आपण दोघी बाहेर शेडमध्ये बाकावर बसलो. बाकीचे आत गेले. स्वराचे बूट तुमच्या मांडीवर होते. तुम्ही एका बुटाची लेस सोडायची आणि परत बांधायची, असं करत होता.

"ईनबाई, एक इचारू?"

"विचारा."

"पिच्चरमदी जो लय गोड वागतो त्योच खुनी. बराबर?"

"बहुतेक वेळा."

"मंग आमच्या घरात समदेच गोड वागाया लागल्यात. सचिनच्या बापानं मला च्या करून दिला. ह्या मानसाला चुलीवरचं पातेलं कुटं ठिवत्यात ते ठावं न्हाई. सून रोज काय खाऊ वाटतंय इचारती. धाकटी जाऊ माझ्याशी भांडंना झाली. आन् सचिन." तुम्ही थांबलात. "सचिन माज्या तोंडाकडं बगत न्हाई. बोलतो ते भिंतीकडं बगून."

तुम्ही लेस पुन्हा सोडलीत.

"तुमी तेवड्या पयल्यावानी हाय. तुमी कालबी माज्यावर चिडलात, पिच्चर पुढं नेला म्हनून. म्हनून तुमाला इचारते. शेवट सांगा."

विहीणबाई, मला टाळता आलं असतं. सचिनलाच विचारा, असं म्हणता आलं असतं. तो आत्ताच बाहेर येईल, भेटून सांगेल, असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही माझ्याकडे सरळ बघत होता आणि तुम्हाला खरंच विचारायचं होतं. मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, तो कुठवर गेला आहे ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"भात कापायला आसंन का मी?"

"असाल."

"संक्रातीला?"

"ते नाही माहीत."

तुम्ही मान हलवलीत आणि स्वराच्या दुसऱ्या बुटाची लेस बांधलीत. पोरगी धावत आली, तिच्या पायात बूट चढवलेत. परत येताना गाडीत तुम्ही तिला रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर दाखवत होता.

मी गप्प राहू शकले नसते. संध्याकाळी तळेगावला चहा झाल्यावर हॉलमध्ये सगळेच बसले होते. आबा, सचिन, प्राजू. तुम्ही आत स्वराला वरणभात भरवत होता. मी म्हटलं, "सचिन, त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं."

कोणी मला विचारलेलं नव्हतं. कोणी बोट दाखवलेलं नव्हतं.

सचिन आधी समजलाच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. म्हणाला, "मामी, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तुम्ही होतात त्यात."

"होते."

"मग? आई माझी आहे. सांगायचं की नाही ते मी बघितलं असतं ना? तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

प्राजू म्हणाली, "सचिन, हळू." आबा जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात तुम्ही हाताला भात लागलेला तशाच दारात आलात. "ईनबाईंना नगं बोलू. मी इचारलं म्हनून त्येंनी सांगितलं. तुमी कुनी सांगितलं असतंत का?"

सचिन चप्पल घालून खाली निघून गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मामी, गाडी पाठवू का. मामी, औषधं संपलीत का. जावई म्हणून एक शब्द कमी केला नाही, आणि एक शब्द जास्तही नाही. प्राजू मधल्या मध्ये सोसत राहिली. मला चूक केल्यासारखं वाटत नव्हतं, पण रात्री अंगावर पांघरूण घेतलं की त्याचा तो प्रश्न ऐकू यायचा. तुम्ही कोण सांगणाऱ्या? विहीण. तुमच्या मुलाच्या बायकोची आई. नातं तसं पाहिलं तर एवढंच.

तुम्ही दुसऱ्या दिवशी मला एकटी गाठून म्हणालात, "तुमी पिच्चरवानी कबूल झालात की ओ. मी हारले." आणि हसलात. मला हसू आलं नाही.

पण बदल झाला तो तुमच्यात. सगळ्यांना भीती होती तुम्ही अंथरूण धराल. तुम्ही इंदुरीला गेलात आणि घर हलवून सोडलंत. धाकट्या जावेशी भांडण उकरून काढलंत आणि तिच्या जिवात जीव आला. आबांना चुलीपाशी बसवून भाकरी थापायला लावलीत. त्या कशा झाल्या ते आबांनाच ठाऊक, पण आता ते दोन वेळचं करून खातात. दिवाळीनंतर कापणीला शेताच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तुम्ही मजुरांना ओरडत होता. मी आले होते त्या दिवशी. ऊन होतं, म्हणून मी छत्री धरून उभी होते आणि तुम्ही म्हणत होता, "ईनबाई, बाजूला व्हा, मला त्ये पल्याडचं वावर दिसंना."

आणि तुम्ही शेवट बघणं सोडलंत.

पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. मोबाइल उशीला टेकवून आपण बघत होतो. बोट पुढं जाईना. मी म्हटलं, "काय झालं? रेघ ओढा की."

"नगं. बगू."

"तुम्हाला शेवट आधी लागतो ना?"

"एक ठावा हाय तेवडा बास."

तेव्हा एक गंमत कळली, विहीणबाई. तुम्हाला ओळखता अजिबात यायचं नाही. आजवर आम्ही सगळे समजत होतो की तुम्ही फार चतुर. शेवट बघितल्याशिवाय तुम्ही घरातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचात. स्वयंपाकीण, माळी, आंधळी आजी, एकदा तर पोलिसावरच. खुनी निघाला की "ह्यो?" म्हणून तोंडावर हात न्यायचात आणि पोट धरून हसायचात. हसून दुखायचं, तरी हसायचात. माझंही बघणं बदललं. मी कोडं सोडवायचं विसरून तुमच्या तोंडाकडे बघत बसायची.

संक्रांत तुम्ही पाहिलीत. स्वराच्या हातावर तिळगूळ ठेवलात. त्यानंतर उठणं बंद झालं. शेवटच्या दिवसांत मोबाइलचा उजेड तुम्हाला सोसायचा नाही, म्हणून मी जवळ बसून सिनेमाच्या गोष्टी तोंडी सांगायची. निम्म्या खऱ्या, निम्म्या माझ्या मनच्या. तुम्ही डोळे मिटून "हं" म्हणायचात. एका दुपारी "हं" आला नाही. मी थोडा वेळ गोष्ट सांगतच राहिले. मग आबांना हाक मारली.

तुमच्या घरात सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं. धाकट्या जावेनं तुम्हाला अंघोळ घालताना तुमच्या सगळ्या भांडणांची यादी मोठ्यानं म्हणत रडून घेतलं. शेजारच्या बायांनी पातळ आणलं, कोणी फुलं, कोणी पाण्याची घागर. गावातल्या म्हाताऱ्या येऊन तुमच्या लग्नातल्या गोष्टी सांगून गेल्या. मी कोपऱ्यात उभी राहून हे बघत होते आणि मला वाटलं, तुमचं म्हणणं होतं त्यात तथ्य होतं. सगळा सिनेमा रडण्यात घालवावा असं मी अजूनही म्हणणार नाही. पण दोन मिनिटं द्यायला हरकत नव्हती. वाद तुम्ही जिंकलात. एकच वाद. जुळ्या भावाच्या बाबतीत मी ऐकणार नाही.

सचिन मात्र रडला नाही. घाटावर नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला पंगती उठेपर्यंत वाढत राहिला. माझ्या ताटात वाढायला आला तेव्हा "मामी, अजून?" एवढंच.

काल तो लोणावळ्याला आला. एकटाच, सांगितल्याशिवाय. मी दार उघडलं तर हेल्मेट हातात घेऊन उभा. मला वाटलं प्राजूला काही झालं. तो म्हणाला, "काही नाही, कामाला आलो होतो इकडं." रविवार होता. त्याच्या कंपनीला रविवारी सुट्टी असते.

मी पाणी दिलं. चहा ठेवला. तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर बसला आणि मी आलं किसत असताना माझ्या पाठीला म्हणाला, "मामी, शिरगावला... तुम्ही सांगितल्यावर आई काय म्हणाली?"

मी वळले. इतके महिने मला वाटत होतं त्याला माझा राग आहे. राग होताच. पण तो राग धरून बसल्यामुळे त्याला हे विचारता आलं नव्हतं. त्या बाकावर काय बोलणं झालं ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्याच्या आईचं ते बोलणं माझ्यापाशी राहिलं होतं आणि मला ते त्याला पोचवायचं सुचलं नव्हतं.

मी गॅस बारीक केला आणि सांगितलं. भात कापायला असेन का, हे विचारलंत ते सांगितलं. संक्रांतीचं सांगितलं. मग जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पोरगी बूट मागायला धावत येत होती, त्याच्या आधी तुम्ही मला हळूच विचारलं होतंत, "सचिनला कवापासनं ठावं हाय?" मी म्हटलं, गणपतीच्या आधीपासून. तेव्हा पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाला होतात, "मंजी माजं पोरगं येवडे दिस एकटंच वाहत व्हतं व्हय हे. आन् मी त्याला रोज इचारत व्हते, तुजं तोंड का उतरलंय, जेवत का न्हाईस."

सचिननं हेल्मेट खाली ठेवलं. ते गडगडत फ्रिजपाशी गेलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तुमचा मुलगा माझ्या स्वयंपाकघरात मोठ्यानं रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि थांबले. जावई आहे, अवघडेल. मग विचार केला, अवघडू दे. ठेवला.

चहा उतू गेला. ओटा पुसला, परत ठेवला. त्याला जेवूनच जा म्हटलं. पिठलं आणि भाकरी केली. जेवताना त्यानं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुम्ही कोणत्या बाजूला बसला होता, अंगावर कोणतं पातळ होतं, आवाज कसा होता. मी आठवेल तसं सांगत गेले. एकटंच वाहत होतं, या वाक्याला आले की तो घास हातात धरून थांबायचा. एकदा म्हणाला, "परत सांगा." मी परत सांगितलं.

निघताना दारात वाकून चपला चढवत होता. मान वर न करता म्हणाला, "मामी, शेवटचं एकदा."

विहीणबाई, मी ते वाक्य त्याला पुन्हा सांगितलं. तुमच्याच बोलीत, तुमचा आवाज मला जमेल तसा काढून.